फाटकापासून चारशे दहा मीटर

बिभीषणरावांचा लेआउट पहिल्यांदा बघितला तेव्हा मी त्याला नावं ठेवली, तीही तोंडावर. मी फटकळ आहे असं लोक म्हणतात आणि लोकांचं बरोबर आहे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नकाशे काढले मी. रेघ सूतभर हुकली तरी माझं डोकं फिरतं. ह्याच डोक्यानं पुढं जे केलं ते सांगायला बसलेय, तर आधीच सांगून ठेवते, ह्यात मला कुणी चांगलं म्हणू नये.

आमचा सात-आठ रेल्वेवेड्यांचा गट आहे. घरचे आम्हाला येडे म्हणतात, ते सोडा. कुणी जुनी तिकिटं जमवलीत, कुणी गार्डाचे कंदील, आणि तिघांच्या घरी लेआउट आहे. लेआउट म्हणजे फळ्यांवर मांडलेली छोटी रेल्वे. वीतभर डबे, बोटभर सिग्नल, प्लास्टरचे डोंगर आणि विजेवर खरोखर पळणारी गाडी. रविवारी एकमेकांकडं जायचं, गाडी पळवायची, पोहे खायचे आणि भांडायचं. नाहीतर जुन्या लाइनी बघायला निघायचं. आपल्या इथली मीटरगेज, निजामाच्या काळातली ती अरुंद लाइन, नव्वदच्या दशकात उखडली आणि मोठी लाइन टाकली. काही ठिकाणी मोठी लाइन जराशी सरकवून नेलीय, त्यामुळं जुना भराव शेतांमधनं तसाच पडलाय. त्यावरनं चालत दगडी मोऱ्या शोधायच्या, त्यांवर कोरलेली सालं वाचायची, ह्याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात नाही. नवरा गेल्यावर तर नाहीच.

विश्वजीत आमच्यातला सगळ्यात धाकटा, वाळूजला एका कंपनीत इंजिनिअर. चार-पाच वर्षांपूर्वी त्याच्या फ्लॅटच्या छताला पीओपी करायला जो म्हातारा कारागीर आला, ते बिभीषणराव. हात धुवायला म्हणून आतल्या खोलीत गेले आणि तिथला लेआउट बघून उभेच राहिले. विश्वजीतनं कौतुकानं गाडी सोडून दाखवली. पुलावरनं गेली, बोगद्यातनं गेली, स्टेशनात थांबली. बिभीषणरावांनी तासभर बघितलं आणि एकच विचारलं, ह्यात फाटक कुठं आहे. फाटक नव्हतंच. मग म्हणाले, मपल्याकडं फाटक आहे, पण गाडी नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पडेगावला त्यांच्याकडं गेलो. घरामागं मेंढरांचं जुनं पत्र्याचं शेड, चाळीस फूट लांब. त्यात ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर फळी आणि फळीवर एकच रूळ. एका बाजूला प्लास्टरचं टेकाड, त्याला वळसा घालून येणारी लाइन, तिथनं दोन मीटरवर फाटक आणि फाटकवाल्याची खोली. रुळावर चिंचोक्याएवढी मेंढरं. एम-सीलची केलेली, आणि प्रत्येकाच्या अंगावर खरी लोकर चिकटवलेली. मी मोजली, त्र्याहत्तर भरली. ड्रायव्हरनं शिट्टी वाजवावी म्हणून लाइनीच्या कडेला असते ती 'सी/फा'ची, म्हणजे 'सीटी-फाटक'ची, पिवळी पाटीसुद्धा होती, नखाएवढी. फाटकाच्या पुढं मात्र तीस फूट नुसताच रूळ, काही नाही.

ना स्टेशन, ना यार्ड, ना गोल फिरून येणारा रस्ता. मी म्हणलं, ह्याला लेआउट म्हणत नाहीत हो, ही फळी झाली. आणि वळणाच्या इतक्या तोंडाशी कुणी फाटक बांधतं का? बाकीचे माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागले. बिभीषणराव हसले. व्हय बाई, फळीच हाय, म्हणाले, पण फाटक असंच होतं, मी नोकरी केलीय तिथं.

मग चहा करता करता सारजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात धरलं. बाई, ते खेळणं नाय, एवढं आधी म्हणाल्या, आणि मग सगळं सांगितलं.

घराणं धनगराचं. थोरला भाऊ सांडू मेंढरं घेऊन फिरायचा. आई लवकर गेली, म्हणून धाकट्या बिभीषणाला सांडूच्या बायकोनं, सरूबाईनं वाढवलं. पुढं बिभीषणराव रेल्वेत लागले आणि दौलताबादच्या अलीकडं एका आडरानातल्या फाटकावर बसले. फाटकाला फोन नव्हता. कान द्यायचा, लाइनीकडं नजर ठेवायची आणि गाडीच्या आधी फाटक लावायचं, एवढीच नोकरी. अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत, सकाळच्या पारी, सांडू दीडशे मेंढरं घेऊन तिथनं निघाला. पुढं सांडू, मागं कोकरं सांभाळत सरूबाई. गाडीला उशीर झालेला, कधी येईल पत्ता नाही. दुसरा कुणी असता तर निम्मी मेंढरं गेल्यावर त्यानं फाटक लावलं असतं आणि बाकीच्यांना थांबवलं असतं. पण कळप मधनं तोडायचा नसतो. तोडला की मागची मेंढरं पुढच्यांसाठी बिथरतात, काट्याकुपाट्यातनं घुसतात. धनगराच्या लेकराला हे सांगावं लागत नाही. बिभीषणरावांनी फाटक उघडं ठेवलं, आणि टेकाडामागनं गाडी आली. त्र्याहत्तर मेंढरं गेली. सरूबाई गेली.

बिभीषणरावांचं म्हणणं पहिल्या दिवसापासनं एकच. टेकाड फाटकाला चिकटून होतं, गाडी वळणातनं निघाली ती अंगावरच आली, बघायला जागाच नव्हती. चौकशी करणाऱ्या साहेबानं लिहिलं की फाटकवाल्याला गाडी लांबनं दिसायला पाहिजे होती. बिभीषणराव म्हणायचे, साहेब जाग्यावर आलाच नाही, कागदावर बघून लिहिलं त्यानं. नोकरी गेली. त्याचं त्यांना एवढं नव्हतं. पण सांडूनंही साहेबाचंच धरलं. तू बघितलं नाहीस, म्हणाला, आणि कळप विकून पोरांना घेऊन करमाडला जाऊन राहिला. त्या दिवसापासनं भाऊ भावाशी बोलला नव्हता. लग्नं झाली, बारशी झाली, मयती झाल्या, आमंत्रण इकडनं तिकडं नाही की तिकडनं इकडं नाही. नंतर मोठी लाइन आली तेव्हा टेकाड कापलं, रूळ सरकवले, आणि खरं काय होतं ते दाखवायला जागाच उरली नाही. म्हणून ती फळी. सांडूनं एकदा यावं, खोलीच्या खिडकीशी डोळा लावावा आणि म्हणावं, व्हय रे, दिसत नव्हती. एवढ्यासाठी माणसानं अकरा वर्षं फळीवर काम केलं होतं.

त्या दिवसापासनं मी त्यांच्या फळीला नावं ठेवली नाहीत. विश्वजीतनं त्याचं एक इंजिन आणि चार डबे तिथंच ठेवून दिले. माप जमवता जमवता एकास साठचं प्रमाण बसलं, म्हणजे फळीवरचा एक मीटर हा खरा साठ मीटर. वेगही त्याच हिशोबानं बांधला, म्हणजे खऱ्या गाडीला जेवढा वेळ लागला असता तेवढाच फळीवर लागायचा. टेकाडातनं तोंड काढल्यापासनं फाटकापर्यंत दहा सेकंद. बिभीषणराव येईल त्याला खुर्चीवर बसवायचे, गाडी सोडायला लावायचे आणि म्हणायचे, दहा सेकंदात माणूस काय करील सांगा. कुणी काही करू शकत नाही, असं आम्ही सगळे म्हणायचो. मीही म्हणायची.

माणूस मोठा गमतीचा होता हो. मी चहाला नको म्हणलं की म्हणायचे, बाईंना कपावर रेघ मारून द्या, मग घेतील. आम्ही त्यांना माथेरानच्या छोट्या गाडीत बसवलं, बंद पडलेल्या शकुंतला गाडीच्या लाइनीवर मूर्तिजापूरला नेलं. आम्ही इंजिनांच्या मागं पळायचो, फोटो काढायचो, आणि हे सरळ फाटकाच्या खोलीकडं चालायला लागायचे. दारात उभं राहायचे, उजवीकडं बघायचे, डावीकडं बघायचे, मग परत. रस्त्यावर कुठं फाटक लागलं, उघडं असलं तरी गाडीतनं उतरायचे, दोन्हीकडं बघायचे आणि मगच आम्हाला या म्हणून हात करायचे. विश्वजीत सुरुवातीला हसायचा. नंतर तो गुपचूप गाडी थांबवायला शिकला.

गेल्या वर्षी जानेवारीत विश्वजीतनं त्या फळीचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. तो फिरत फिरत सांडूच्या नातीच्या फोनवर गेला. सोनिया तिचं नाव, शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला. तिनं आजोबाला दाखवला. सांडूला दमा, खोकून खोकून बरगड्या निघालेल्या, डॉक्टरनं आता नुसतं जपा म्हणून सांगितलेलं. त्यानं तो व्हिडिओ तीनदा बघितला म्हणे, आणि म्हणाला, शिवरात्र झाली की जाऊन येऊ.

निरोप आला त्या दिवशी मी तिथंच होते. बिभीषणराव खाली बसले आणि बसूनच राहिले. नंतरचे पंधरा दिवस मी त्यांना जेवढं खूश बघितलं तेवढं कधी नाही. शेडला चुना मारला. केस कापून आले. भाऊ उंच आहे, डोळा खिडकीच्या नेमक्या उंचीला यावा म्हणून एक स्टूल घेऊन त्याचे पाय कापले, मग जास्त कापले म्हणून खाली पट्ट्या ठोकल्या. सारजाबाईंना रोज विचारायचे, दादाला तिखट चालत असंल का गं आता.

आता माझी करणी ऐका.

सांडू यायच्या आधीच्या रविवारी आम्ही चौघं त्या जुन्या भरावावर गेलो. बिभीषणराव आले नाहीत. त्या दिवसानंतर ते तिकडं कधी फिरकलेच नव्हते. मी मनाशी धरलं होतं, भाऊ येतोय, तर पुराव्यात खोट नको. म्हातारा नुसत्या आठवणीवर बोलतो, मी त्याच्या हातात मोजमाप देणार. साहेबानं जाग्यावर येऊन मोजलं नव्हतं ना, मी मोजते. कुणी सांगितलं नव्हतं मला. माझं मीच.

तासभर काट्यातनं हिंडल्यावर एका हरभऱ्याच्या बांधाला काळ्या दगडांचा चौथरा सापडला. शेजारी जमिनीत तिरका रुतलेला लोखंडी खांब, त्यावर फाटकाची बिजागरी. उंबऱ्याच्या जागी पुरलेलं दगडी उखळ. विश्वजीतनं शिट्टी मारली. मी तर साठीची बाई अक्षरशः नाचले. टेकाडाचा निम्मा भाग अजून उभा आहे आणि जुन्या लाइनीचं वळण भरावावर स्वच्छ दिसतं. टेप धरली. वळण संपतं तिथनं उंबऱ्यापर्यंत चारशे दहा मीटर. पुन्हा धरली. चारशे दहा. बिभीषणरावांच्या फळीच्या हिशोबानं ते एकशे वीस होतं.

खरं सांगते, मला आनंद झाला. पहिल्याच दिवशी मी म्हणलं होतं ना, टेकाड फार जवळ घेतलंय म्हणून? माझं खरं ठरलं ह्याचा आनंद. जन्मभर अंतरं मोजली, आणि ह्या एका अंतराचा अर्थ माझ्या टाळक्यात शिरला नाही. फोटो काढले, गटावर टाकले आणि तिथनं थेट पडेगाव गाठलं.

बिभीषणराव म्हणाले, दुसऱ्या कशाचा तरी पाया असेल. मी उखळाचा फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. हे वहिनीनं डोक्यावरनं आणून दिलं होतं, म्हणाले, फाटकावर मिरच्या कुटायला काही नाही म्हणून. त्यांच्या तोंडाकडं बघून तरी मी थांबायला पाहिजे होतं. पण त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, जिथं आहे तिथं बसवा.

आणि मी बसवलं. फाटक, खोली, मेंढरं, सगळं उचललं आणि पट्टी लावून सहा मीटर त्र्याऐंशी सेंटिमीटरवर नेऊन ठेवलं. बिभीषणराव स्टुलावर बसले, खिडकीशी डोळा लावला. विश्वजीतनं गाडी सोडली.

इंजिन वळसा घालून बाहेर आलं आणि दिसलं. दिसतच राहिलं. पाच सेकंद, दहा सेकंद. मी सवयीनं घड्याळ बघत होते. पंधरा झाले. मी काय करून बसले ते मला तेव्हा कळलं. विश्वजीतनं माझ्याकडं बघितलं. गाडी सरळ रुळावरनं सावकाश येत होती आणि बिभीषणराव तिच्याकडं बघत होते. फाटकात पोचली तेव्हा चौतीस सेकंद झाले होते.

पुन्हा सोडा, म्हणाले. पुन्हा सोडली. सात वेळा सोडायला लावली त्यांनी. मग उठले आणि घरात गेले.

सारजाबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ होत्या कुणास ठाऊक. हळू आवाजात बोलल्या, पण मला अजून ऐकू येतं.

"छत्तीस वर्सं तो माणूस त्या दहा सेकंदावर जगला, बाई. तुमाला कुणी सांगितलं व्हतं मोजायला?"

मी म्हणलं, मी सगळं परत होतं तिथं ठेवते, आमच्या गटाबाहेर कुणाला माहीत नाही, गटावरचे फोटो काढून टाकते. फाटक उचलायला हातही घातला. तेवढ्यात बिभीषणराव परत बाहेर आले. पाया गावला बाई, म्हणाले, आता हितं हलवून काय व्हतंय. त्यांना राग आलेला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं.

एक सांगते, माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला ते टेकाड तिथंच आठवत होतं. दर वर्षी थोडं थोडं जवळ आलं असेल, आणि शेवटी एकशे वीस मीटरवर येऊन थांबलं असेल. आम्ही पाट-कालव्यांचे नकाशे काढायचो तेव्हा शेतकरी बांध दाखवायचे तो असाच सरकलेला असायचा, आणि प्रत्येक जण लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खरं म्हणायचा. हे मला माहीत होतं, तरी मी टेप घेऊन गेले.

आठवडाभर बिभीषणराव नीट जेवले नाहीत. सारजाबाई एकदा माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या, दादा दोन दिवसांचा सोबती आहे, त्याला दहाच सेकंद दाखवा, देव काही म्हणायचा नाही. मीही तेच म्हणलं. मापाची एवढी कट्टर बाई मी, हात जोडून म्हणलं की फाटक मागं घेऊ या. ते नुसतं मान हलवायचे.

रविवारी अकराच्या सुमारास रिक्षा आली. विश्वजीतनं यायचं टाळलं होतं, म्हणून गाडी सोडायला मी. सांडूदादा सोनियाच्या आधारानं उतरले. उंच, पण पार वाळलेले, दर चार पावलांना थांबणारे. भाऊ समोर आल्यावर दोघंही उभे राहिले. पाया पडायला बिभीषणराव वाकले आणि सांडूदादांनी पाय मागं घेतले नाहीत. मला रडू आलं, उगाच कशाला खोटं बोलू.

शेडमध्ये आल्यावर दादांनी आधी एक मेंढरू चिमटीत उचललं, लोकर बोटानं चाचपली आणि खरी आहे की, म्हणाले. परत ठेवलं, तोंड जिकडं होतं तिकडंच करून. स्टुलावर बसले. डोळा बरोबर खिडकीशी आला. मी गाडी सोडली.

चौतीस सेकंद त्यांनी डोळा खिडकीवरनं हलवला नाही. गाडी गेल्यावर सांडूदादा जरा गोंधळले. ही तर लांबनं दिसतेय, म्हणाले, तू तर म्हणायचास दिसत नव्हती. आपल्यालाच काही समजलं नाही असं वाटून त्यांनी सोनियाकडं बघितलं.

"दिसत व्हती दादा," बिभीषणराव म्हणाले. "मी बघितली नाय. मी खोलीपाशी नव्हतोच. मेंढरांत शिरलो व्हतो, गाडीकडं पाठ करून. लई दिवसांनी हाकायला मिळाली व्हती."

सांडूदादांचा श्वास घरघरायला लागला. सोनियानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी मान हलवली, म्हातारी माणसं हलवतात तशी, सावकाश. व्हय, म्हणाले, तुला लहानपणापसून मेंढरांचा नाद. आणि त्यांनी हात पुढं करून बिभीषणरावांचं मनगट धरलं. मी मनात म्हणलं, सुटलो. सारजाबाई दारातनं वळल्या, ताटं करायला निघाल्या. माणसानं इथं थांबावं की नाही? दुसरा कुणीही थांबला असता.

बिभीषणरावांनी मनगट सोडवून घेतलं नाही. तसंच उभं राहून म्हणाले, "वहिनीनं हाक मारली व्हती."

सांडूदादांनी वर बघितलं. काय म्हणली, असं त्यांनी विचारलं ते ओठ हलले म्हणून मला कळलं.

"भावजी, गाडी आली. दोनदा म्हणली. मी मान वळवली नाय. म्हणलं, येऊ दे वहिनी, एवढी चार निघू दे." बिभीषणराव थांबले नाहीत. "मला वाटायचं, हाक आन् गाडी एकदमच आली. म्हणून चौकशीत सांगितलं नाय, तुलाबी सांगितलं नाय. सांगून काय उपेग, नुसता जीव जळंल तुझा. पर दादा, येळ व्हता. एवढा सगळा येळ व्हता."

सांडूदादांनी मनगट सोडलं. मग बराच वेळ त्यांना खोकला आला. सोनियानं पंप दिला, तो ओढला, आणि नीट श्वास आल्यावर बोलले. चढा आवाज नव्हता, शिवी नव्हती.

"मी तुला माफ करायला आलतो, बिभ्या. हे टेकाड बघायला नाय. पोरीला म्हणलं, चल, मरायच्या आधी भावाच्या घरचं खाऊन येऊ. तू बघितलं नाय म्हणतूस, ते मला तवाच ठाव व्हतं. ते मी कवाच सोडलं." थांबले. "पर मी कळपाच्या पुढं व्हतो. मला काय ऐकू आलं नाय. छत्तीस वर्सं रोज मनात येतंय, तिनं कुणाला हाक मारली आसंल का. काय म्हणली आसंल. आन् ते तुझ्यापाशी व्हतं."

काठी घेतली आणि उठले. सारजाबाई ताट घेऊन आल्या होत्या, त्यांच्याजवळनं गेले. बिभीषणराव मागं गेले नाहीत. रिक्षा वळली, गेली.

सांडूदादा मे महिन्यात वारले. करमाडहून कुणी कळवलं नाही. सोनियानं सकाळी स्टेटसला फोटो ठेवला, तो विश्वजीतनं बघितला आणि बिभीषणरावांना सांगितलं. त्यांनी मला फोन केला. बाई, मातीला जाऊ का, म्हणून विचारलं. सगळ्यातलं कळतं म्हणवणारी मी, नुसतं हॅलो हॅलो म्हणत राहिले. दुपारपर्यंत ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसले होते, असं सारजाबाई नंतर म्हणाल्या. मग माती झाल्याचं कळलं आणि ते उठून घरात गेले.